जनावरांतील हाडांचे विकार : उपचार आणि शुश्रूषा

दुभत्या जनावराची किंमत त्याच्या कासेवरून आणि बैलाची किंमत त्याच्या खांद्यावरून करण्याची आपली जुनी रीत आहे. तथापि कास आणि खांदा ही दोन्ही ज्या सांगाड्यावर उभी असतात, त्या हाडांकडे जनावर खाली बसेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चांगली पोसलेली दिसणारी म्हैस दावणीला बांधल्या जागी चिंध्या चघळू लागते, काही आठवड्यांनी लंगडते, आणि एके दिवशी ओढा उतरताना पाय घसरल्याचे निमित्त होऊन तिचे मांडीचे हाड मोडते. मालक दगडाला किंवा चिखलाला दोष देतो. वस्तुतः ते हाड त्या दिवशी मोडले तरी त्याची झीज त्यापूर्वी कित्येक महिने चाललेली असते.

शरीरातील खनिजांच्या देवघेवीत बिघाड झाल्यामुळे हाडे मऊ, ठिसूळ किंवा वाकडी होतात. असे रोग जंतूंमुळे होत नाहीत व एका जनावराचे दुसऱ्यास लागत नाहीत. ते आहारातून उद्भवतात आणि बव्हंशी आहारानेच बरे होतात. त्यांवरील उपचारांचा मोठा भाग दवाखान्यात होत नसून गोठ्यात होतो. यास्तव शेतकरी बंधूंनी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या रोगांचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हाड म्हणजे शरीराची कणगी

हाड हे दगडासारखे निर्जीव नसते. त्यात रक्त खेळते, जुना भाग विरघळतो आणि नवा भाग तयार होतो. शरीरातील एकंदर कॅल्शियमपैकी शेकडा सुमारे 99 भाग आणि स्फुरदापैकी शेकडा सुमारे 80 ते 85 भाग हाडांत व दातांत साठविलेला असतो. घरात धान्याची कणगी असते, तद्वत हाडे ही या दोन खनिजांची कणगी होय. चाऱ्यातून खनिजे पुरेशी आली की कणगीत भर पडते. कमी आली की शरीर कणगीतून काढून रक्ताची, दुधाची व पोटातील वासराची गरज भागविते.

ही व्यवस्था जनावराच्या जीवरक्षणाकरिता आहे. मात्र तिच्यामुळेच मालकाची फसगत होते. कणगी निम्मी रिकामी होईपर्यंत दूध आटत नाही, जनावरही बरे दिसते. रक्त तपासले तरी त्यातील कॅल्शियमचे प्रमाण पुष्कळदा नेहमीइतकेच आढळते, कारण हाडांच्या पदरातून ते भरून काढले जात असते. स्फुरदाचे प्रमाण मात्र उतरलेले दिसते. मोठ्या गायीम्हशींच्या 100 मिलीलिटर रक्तद्रवात ते साधारणपणे 4 ते 6 मिलिग्रॅम असावयास हवे. वाढत्या वासरांत ते याहून अधिक असते.

या देवघेवीत तिसरा वाटा 'ड' जीवनसत्त्वाचा आहे. आतड्यातून कॅल्शियम व स्फुरद शोषले जाण्यास हे जीवनसत्त्व लागते आणि ते सूर्यप्रकाशामुळे कातडीत तयार होते. उन्हात वाळविलेल्या गवतातही ते काही प्रमाणात असते. 1919 साली इंग्लंडात एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांना विशिष्ट आहारावर ठेवून मुडदूस घडवून आणला व कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो, हे दाखवून दिले. पुढे 1922 साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातील गुणकारी घटक वेगळा ओळखला. तेच 'ड' जीवनसत्त्व होय.

वाढत्या वयात हाडे नीट टणक झाली नाहीत, तर त्या रोगास मुडदूस म्हणतात. पूर्ण वाढ झालेल्या जनावराची टणक हाडे खनिज निघून जाऊन मऊ पडली, तर त्यास अस्थिमार्दव म्हणतात. आपल्याकडील गायीम्हशींत अस्थिमार्दवाचे मुख्य कारण स्फुरदाची उणीव हे असते. मोकळ्यावर चरणाऱ्या मोठ्या जनावरास आपल्या प्रदेशात उन्हाची वाण सहसा पडत नाही.

खनिजे जातात कोठे?

म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे 1.8 ग्रॅम कॅल्शियम व सुमारे 1.2 ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. गायीच्या दुधात हे आकडे काहीसे कमी असतात. आठ लिटर दूध देणारी म्हैस दररोज सुमारे 14 ग्रॅम कॅल्शियम आणि 9 ते 10 ग्रॅम स्फुरद बादलीत ओतते. संपूर्ण वेतात 1500 लिटर दूध निघाले, तर त्याबरोबर सुमारे 2.7 किलो कॅल्शियम व 1.8 किलो स्फुरद गोठ्याबाहेर जाते. शिवाय गाभण काळाच्या शेवटच्या दोनतीन महिन्यांत पोटातील वासराचा सांगाडा झपाट्याने टणक होत असतो. त्याचाही भार आईच्याच हाडांवर पडतो.

आता आवक पाहू. ज्वारीच्या कडब्यात आणि भाताच्या पेंढ्यात स्फुरदाचे प्रमाण शेकडा 0.1 ते 0.2 एवढेच असते, आणि त्यातील सर्वच अंगी लागत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम, तर देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियम स्फुरदाला जखडून ठेवते. त्यामुळे तेथील गवतातही ते बेताचेच उतरते. गवत पिकून वाळले की हे प्रमाण आणखी घटते. म्हणूनच पौष-माघानंतर केवळ माळावरील वाळलेल्या गवतावर राहणाऱ्या जनावरांत या विकाराची पहिली लक्षणे दिसू लागतात.

दुष्काळात परिस्थिती अधिकच बिकट होते. 2012-13 च्या दुष्काळात सातारा, सांगली, सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड इत्यादी जिल्ह्यांत चारा छावण्या उघडण्यात आल्या आणि तेथे मोठ्या प्रमाणावर ऊस व उसाचे वाढे जनावरांपुढे आले. वाढ्यांनी जीव वाचतो, हे खरे. परंतु त्यांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमशी संयोग पावते आणि ते कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे निघून जाते. भाताच्या पेंढ्यातही हे द्रव्य असते. ऊसपट्ट्यात तर सुकाळातही कित्येक गोठ्यांत महिनोन्‌महिने वाढ्यांवरच भर असतो. अशा गोठ्यात कॅल्शियम व स्फुरद या दोहोंची गळती एकाच वेळी चालू राहते.

रोगाची पूर्वसूचना : चघळणे आणि चाटणे

स्फुरदाची भूक जनावर बोलून दाखवू शकत नाही, पण वागणुकीतून प्रकट करते. ते हाडे, चामड्याचे तुकडे, चिंध्या, दोर, लाकूड चघळते. माती खाते, भिंती चाटते, दुसऱ्या जनावराचे मूत्र चाटते. ही खोड नसून रोगाची पहिली पायरी आहे, हे ध्यानात ठेवावे.

या सवयीतून जिवावरचे संकट कसे ओढवते, याचे प्रसिद्ध उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. तेथील व्हरायबर्गजवळच्या अर्मुड्सव्लाक्टे या ठिकाणी 1919 पासून सर आर्नोल्ड थाइलर आणि त्यांचे सहकारी गुरांच्या एका प्राणघातक लुळेपणाचा शोध घेत होते. त्या माळावरील गवतात स्फुरद फार कमी असे. त्यामुळे गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळत, आणि सडक्या अवशेषांत जंतूंनी निर्माण केलेले विष पोटात जाऊन ती लुळी पडून मरत. हाडांची भुकटी खाऊ घातल्यावर गुरांची हाडे चघळण्याची वासना थांबली, आणि त्याबरोबर तो रोगही हटला. आपल्या गावातही मेलेले जनावर माळावर उघडे टाकले, तर तोच धोका संभवतो. मृत जनावर खोल खड्ड्यात पुरून टाकणे हे आरोग्याचे काम तर आहेच, शिवाय ते इतर गुरांच्या रक्षणाचेही आहे.

एक सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक आहे. जनावर अखाद्य वस्तू चावू लागले, त्याबरोबर तोंडातून लाळ गळत असेल, घसा बसल्यासारखा आवाज येत असेल, गिळता येत नसेल किंवा ते अंगावर धावून येत असेल, तर पिसाळल्याचा संशय धरावा. अशा जनावराच्या तोंडात घशात काही अडकले असेल या समजुतीने कदापि हात घालू नये. त्यास वेगळे बांधून पशुवैद्यकास तात्काळ कळवावे. तसेच जंतांमुळेही माती चाटण्याची सवय लागते. म्हणून शेणाची तपासणी करून घ्यावी.

लक्षणे

अस्थिमार्दवात चघळण्यानंतर पुढील लक्षणे क्रमाक्रमाने दिसतात. जनावर रोडावते, केस राठ होतात. चालताना पाय आखडून टाकते. आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडते. पाठीस कमान येते. चालताना सांध्यांतून कटकट आवाज येतो. उठताना त्रास होतो व ते बराच वेळ बसून राहते. माज अनियमित होतो किंवा येतच नाही. काही जनावरांत शेपटीच्या टोकाकडील मणके बोटांना मऊ लागतात. शेवटी किरकोळ निमित्ताने बरगडी, मांडी अथवा कमरेचे हाड मोडते.

मुडदूस हा विशेषतः वासरांत व पारडांत दिसतो. गुडघ्याचे व खुरांवरचे सांधे गाठीसारखे जाड होतात. पुढचे पाय धनुष्याप्रमाणे वाकतात. बरगड्यांच्या खालच्या टोकांवर हात फिरविल्यास मण्यांच्या माळेसारख्या गाठी लागतात. दात उशिरा येतात, पाठ वाकते, वाढ खुंटते. पावसाळ्याचे चार महिने अंधाऱ्या गोठ्यात कोंडलेली आणि आईच्या दुधास पारखी झालेली पारडे या रोगास हमखास बळी पडतात. रेडकू म्हणून त्याच्या वाट्याचे दूध तोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. पारडीच्या बाबतीत तसे केले, तर उद्याच्या म्हशीचा पायाच कच्चा राहतो.

सारखे दिसणारे इतर रोग

जनावर उठत नाही एवढ्यावरून हाडांचा विकार ठरवू नये. व्याल्यानंतर पहिल्या दोनतीन दिवसांत जनावर एकाएकी खाली बसले, कान थंड पडले, मान वळवून कुशीवर टेकली आणि ते गुंगीत गेले, तर तो दुग्धज्वर समजावा. त्यात रक्तातील कॅल्शियम अकस्मात घटलेले असते व उपचारास काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरतो. शिरेतून कॅल्शियम देण्याचे काम पशुवैद्यकानेच करावयाचे असते, कारण ते वेगाने गेल्यास हृदय बंद पडते. याउलट अस्थिमार्दवाचे जनावर बसलेले असले तरी शुद्धीवर असते व बहुधा चारा खाते. त्याची पूर्वीची लंगडही मालकास आठवते.

म्हैस विण्याच्या सुमारास किंवा व्याल्यानंतर काही आठवड्यांत तिचे मूत्र तांबडे-काळसर होऊ लागले, तर तो लालमूत्र रोग असू शकतो. त्याचाही स्फुरदाच्या उणिवेशी निकट संबंध आहे. त्यास त्वरित उपचार लागतात.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड इत्यादी जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते. असे पाणी वर्षानुवर्षे प्यालेल्या जनावरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, दात झिजतात, हाडांवर उंचवटे येतात व ती लंगडतात. येथे खनिज मिश्रणाने काम भागत नाही, पाण्याचा उद्भव बदलावा लागतो. म्हणून लंगडणाऱ्या जनावराचे दात पाहण्यास विसरू नये.

उपचार

निदान व औषधांचे प्रमाण पशुवैद्यकाने ठरवावयाचे. तो प्रथम स्फुरदयुक्त औषध शिरेतून वा कातडीखाली देतो, आवश्यक वाटल्यास 'ड' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतो. या इंजेक्शनांनी जनावरास तरतरी येते, परंतु त्यांनी कणगी भरत नाही. शिरेतून दिलेले काही ग्रॅम खनिज कोठे आणि वेतागणिक किलोंनी झालेली तूट कोठे! इंजेक्शनानंतर जनावर चालू लागले म्हणून पुढील आहार बंद करणे, ही या रोगातील सर्वांत महागात पडणारी चूक होय.

खरा उपचार तोंडावाटे व दीर्घकाळ द्यावयाचा असतो. त्यासाठी पशुखाद्याच्या प्रतीचे डायकॅल्शियम फॉस्फेट उत्तम. त्यात कॅल्शियम शेकडा सुमारे 23 आणि स्फुरद शेकडा सुमारे 18 असते. दिवसास 50 ग्रॅम दिल्यास त्यातून सुमारे 9 ग्रॅम स्फुरद मिळते. मोठ्या जनावरास साधारणतः एवढे प्रमाण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आंबोणात मिसळून द्यावे. चघळण्याची सवय दोनतीन आठवड्यांत कमी होते, लंगडणे जाण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि हाडे पुन्हा भरण्यास अनेक महिने लागतात. तोवर खंड पडू देऊ नये.

पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

1. खताचे सुपर फॉस्फेट किंवा खताच्या प्रतीचे कोणतेही फॉस्फेट जनावरास चारू नये. त्यातील फ्लोराइड व इतर अशुद्ध द्रव्ये अपायकारक असतात.

2. गावात कुटलेला हाडांचा कच्चा भुगा देऊ नये. त्यातून फाशी रोगासारख्या भयंकर रोगांचे जंतू पसरू शकतात.

3. केवळ चुन्याच्या निवळीवर विसंबू नये. वाढ्यांवर निवळी शिंपडण्याची शिफारस योग्यच आहे, कारण चुन्यातील कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवते. परंतु एक लिटर निवळीत जेमतेम एक ग्रॅम कॅल्शियम असते व स्फुरद मुळीच नसते. स्फुरदाची तूट असता नुसते कॅल्शियम वाढविल्यास उलट तोल बिघडतो.

4. 'ड' जीवनसत्त्वाची इंजेक्शने स्वतःच्या मनाने पुनःपुन्हा देऊ नयेत. त्यांचा अतिरेक झाल्यास रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे यांसारख्या मऊ अवयवांत चुना साचतो.

5. लंगडणाऱ्या पायास डाग देऊ नये. डागण्याने हाडात कण‌भरही खनिज जात नाही. जखम चिघळते आणि उपचाराचे दिवस मात्र वाया जातात.

6. वेदनेवर डायक्लोफेनॅक वापरू नये. ते दिलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 साली बंदी घालण्यात आली. ॲसिक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन यांवरही 2023 साली तशीच बंदी आली. गिधाडांना निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. ते पशुवैद्यकाकडूनच द्यावे.

शुश्रूषा

औषध दिवसातून एकदा लागते, शुश्रूषा आठही प्रहर लागते. मऊ हाडांचे जनावर वाचते किंवा दगावते ते पुष्कळदा तिच्यावरच.

जागा : फरशी, शहाबादी वा गुळगुळीत सिमेंटच्या जमिनीवर असे जनावर बांधू नये. घसरले की हाड मोडलेच म्हणून समजावे. मुरमाची किंवा मातीची कोरडी, सपाट जागा निवडावी. बसून राहिलेल्या जनावराखाली वाळूचा वीतभर थर द्यावा व त्यावर पाचट, गवत किंवा भाताचा भुसा पसरावा. मूत्राने भिजलेले अंथरूण रोज काढून टाकावे. उन्हाळ्यात सावली व थंडीत वाऱ्यापासून आडोसा करावा. कळपातील मारकी जनावरे दूर बांधावीत.

बसविणे व वळविणे : जनावर आडवे, कुशीवर लोळत ठेवू नये. त्याने पोटफुगी होते व पोटातील पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. त्यास छातीवर बसवून दोन्ही बाजूंस गवताने भरलेल्या गोण्यांचा टेकू द्यावा. एकाच कुशीवर फार वेळ राहिल्यास खालच्या पायाचे स्नायू व नसा दबून मरतात आणि मूळ रोग बरा होऊनही पाय लुळा राहतो. म्हणून दर तीनचार तासांनी कूस बदलावी. रात्रीही निदान एकदोन वेळा उठून हे करावे. घरात माणसे कमी असतील, तर शेजाऱ्यांनी पाळी वाटून घ्यावी. कूस बदलताना मागचे पाय पोटाखाली घेऊन हळूहळू ढकलावे. शेपूट धरून वा पाय ओढून जनावर फिरवू नये.

उठविणे : हाड मोडल्याचा संशय असल्यास पशुवैद्यकाने तपासल्याखेरीज उठविण्याचा प्रयत्न करू नये. पाय भलत्याच कोनात वळलेला, एका ठिकाणी एकाएकी सुजलेला किंवा हलविताना आत करकरणारा असेल, तर तसा संशय धरावा. तसे नसेल, तर पोटाखालून व मांड्यांमागून रुंद गोणपाट घेऊन चारसहा माणसांनी आधार द्यावा. जनावराने स्वतः जोर लावला तरच मदत करावी. काठीने, शेपूट पिरगाळून किंवा नाकात पाणी घालून त्यास उठविणे क्रूरपणाचे आहे, शिवाय त्यामुळे मऊ हाडे मोडतात. झोळीत टांगले असता जनावर पायांवर भार घेत नसेल, तर लगेच खाली उतरवावे.

चारापाणी : गव्हाण व पाण्याचे घमेले तोंडाशी, पण सांडणार नाही अशा बेताने ठेवावे. पाणी दिवसातून चारपाच वेळा दाखवावे. आडव्या पडलेल्या किंवा गुंगीतील जनावरास नळीने वा बांबूच्या पेल्याने औषध पाजू नये. ते फुफ्फुसात जाऊन जनावर दगावते.

कातडी व अंग : कोपर, गुडघे, कमरेची हाडे व मांडीची बाजू रोज पाहावी. केस गेलेले वा कातडी लाल झालेली दिसली, तर तेथे अंथरूण वाढवावे. जखम झाल्यास मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पशुवैद्यकाने सांगितलेले मलम लावावे व माश्या बसू देऊ नयेत. पायांचे स्नायू दिवसातून दोनतीन वेळा तळहाताने हलके चोळावेत. हाडांच्या सांध्यांवर जोराने मालीश करू नये.

कास : दुभते जनावर बसलेले असले तरी कास स्वच्छ धुऊन दूध काढीत जावे. ते तुंबले व सड शेणात लोळले की कासदाह होतो. मात्र अस्थिमार्दव वाढलेले असेल, तर दूध ओरबाडून घेण्याचा मोह सोडावा आणि जनावर लवकर आटविण्याविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. चालू वेताच्या थोड्या दुधासाठी पुढची सर्व वेते पणास लावणे हिताचे नाही.

काम व पैदास : रोगी बैल जुवाखाली घेऊ नये. दूरच्या माळावर, चढउतारावर चरावयास सोडू नये. पूर्ण बरी होईपर्यंत गाय-म्हैस फळवू नये. वळूचे वजन कमरेवर पडून तिचे हाड मोडू शकते. बरी झाल्यावरही प्रथम कृत्रिम रेतनच करावे.

वासरे : मुडदुसाच्या वासरास गोठ्याबाहेर काढावे. अगदी कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. म्हणून सकाळी नऊ ते अकरा या वेळात त्यास मोकळ्या जागी ठेवावे व जवळ सावली आणि पाणी असावे. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा बाहेर काढावे. पोटभर दूध, उन्हात वाळविलेले द्विदल गवत व वासरांसाठीचे खनिज मिश्रण द्यावे. रोग लवकर ओळखला, तर वाकलेले पाय पुष्कळ अंशी सरळ होतात. उशीर झाल्यास रोग थांबतो, पण व्यंग जन्मभर राहते.

प्रतिबंध

गव्हाच्या कोंड्यात स्फुरद शेकडा सुमारे 1 असते, कॅल्शियम मात्र अत्यल्प. सरकीची पेंड व इतर पेंडींतही स्फुरद चांगले असते. याउलट लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात कॅल्शियम विपुल असून स्फुरद कमी असते. म्हणून कडब्यास कोंडा-पेंड आणि द्विदल चारा या दोहोंची जोड द्यावी. केवळ एकावर भर देऊ नये. घोड्यास नुसता कोंडा फार घातल्याने स्फुरदाचा अतिरेक होऊन त्याच्या जबड्याची हाडे सुजतात व मऊ होतात, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. आहारात कॅल्शियम हे स्फुरदाच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत असणे इष्ट.

निरोगी जनावरांस खनिज मिश्रण नेमाने द्यावे. वासरांस दररोज 20 ते 25 ग्रॅम, कालवडी, वगारी व भाकड जनावरांस 50 ग्रॅम आणि दुभत्यांस दुधाच्या मानाने 100 ग्रॅम वा अधिक द्यावे. पिशवीवर भारतीय मानक चिन्ह व घटकांचे प्रमाण पाहून घ्यावे. मीठ आणि खनिज मिश्रण हे एकच नव्हे. मिठात कॅल्शियम वा स्फुरद नसते. गाभण काळाचे शेवटचे तीन महिने जनावर दूध देत नाही म्हणून आंबोण तोडण्याची पद्धत सर्वथा सोडावी. मात्र विण्याआधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा भडिमार केल्यास दुग्धज्वराची भीती वाढते. त्या काळातील प्रमाण पशुवैद्यकास विचारून ठरवावे. वाढे देणे अपरिहार्य असेल, तेव्हा ते इतर चाऱ्यात मिसळून द्यावेत. चाऱ्याच्या पिकास माती परीक्षणानुसार स्फुरदयुक्त खत घातल्यास चाऱ्यातील स्फुरद वाढते. जमिनीपासून सुरू झालेली तूट अशा रीतीने जमिनीपासूनच भरून काढता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गोठ्यास भेट देताना चार गोष्टी विचाराव्यात. जनावर अखाद्य वस्तू चघळते काय? चारा कोणता व किती महिने चालू आहे? खनिज मिश्रण कधी व किती दिले? मागील वेतांत लंगड आली होती काय? एका गोठ्यात एक रोगी आढळल्यास त्याच चाऱ्यावरील सर्व गोठे पाहावेत, कारण उणीव ही एका जनावराची नसून बहुधा सबंध शिवाराची असते. अनेक जनावरे सापडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचे व पाण्याचे नमुने तपासणीस पाठविण्याची व्यवस्था करावी. बसून राहिलेले जनावर वाहनातून हलविण्याऐवजी 1962 या क्रमांकावर कळवून फिरते पथक गोठ्यावर बोलवावे. अपरिहार्यपणे हलवावयाचेच झाल्यास गाडीत गवताचा जाड थर द्यावा व जनावर छातीवर बसलेल्या स्थितीतच न्यावे.

पशुपालकास समजावताना खर्चाचा हिशेबही मांडावा. दररोज मूठभर खनिज मिश्रणास लागणारा खर्च एक लिटर दुधाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी असतो. त्याच्या अभावी मोडलेले मांडीचे हाड मोठ्या जनावरात क्वचितच सांधते आणि सबंध म्हैस हातची जाते. जनावर चिंधी चघळताना दिसले, की त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरावी.